कोरडा सांधा

दुपारची जेवणं झाली आणि उस्ताद गाडीखाली शिरला. गोष्ट खरं म्हणजे एवढीच आहे. पण पुढचं ऐकलंत, तर तुम्हीही माझ्यासारखेच उभ्या गाडीखाली वाकून बघायचं टाळाल.

तुम्ही म्हणाल, भरदुपारी कसलं आलंय भूत? बाहेर ऊन मी म्हणत होतं, पाखरू फिरकत नव्हतं, हे कबूल. पण कधी गाडीखाली उताणे झोपला आहात? तिथला काळोख वेगळाच असतो. नाकापासून वीतभर अंतरावर लोखंड, पाठीखाली गार फरशी, आणि बाहेरच्या जगाचे फक्त पाय दिसतात. माणसाचं तोंड दिसत नाही, नुसते पाय. हे पायांचं लक्षात ठेवा.

उस्ताद काही खरा मेकॅनिक नव्हता. तो रंगाच्या दुकानात डबे विकायचा. उस्ताद म्हणायचे ते त्याच्या वडलांना. म्हाताऱ्यानं जन्मभर गाड्याच दुरुस्त केल्या होत्या. तो गेला आणि वडलांचा कोट मुलाच्या अंगावर चढवावा तसं गल्लीनं ते नाव उचलून मुलाला चढवलं. कोट ढगळ होता, बाह्या लांब होत्या, पण पठ्ठ्यानं तो उतरवला नाही. उलट कुणी म्हटलं, की गाडी एकदा गॅरेजला दाखव रे, तर हा छाती काढून म्हणायचा, "उस्तादाच्या घरची गाडी गॅरेजला? काहीतरीच काय! मी घरीच करतो सगळं."

गाडी वडलांचीच. जुनी, लांबलचक, आठ माणसं बसवणारी. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, आणि दोन्हींच्या मध्ये पोटाखालून गेलेला एक लोखंडी शाफ्ट. शाफ्टच्या दोन टोकांना दोन सांधे, आपल्या मनगटासारखे सगळीकडून वाकणारे. या सांध्यांना ग्रीस पाजावं लागतं. 'पाजणं' हा वडलांचा शब्द. सांध्याच्या मधोमध शेंगदाण्याएवढं निपल असतं, त्यावर ग्रीसगनचं तोंड बसवायचं आणि दाबत राहायचं. सांध्याच्या चारही टोकांतून जुनं काळं ग्रीस बाहेर येतं आणि त्याच्यामागून नवं डोकावतं, तेव्हा थांबायचं. "चारही तोंडं हसली पाहिजेत," वडील म्हणायचे. मग अंगठ्यानं ते हसू पुसून घ्यायचे आणि पुढच्या सांध्याकडे सरकायचे.

हे दोन माणसांचं काम. निपल कधी सरळ समोर सापडत नाही, वरच्या अंगाला तोंड लपवून बसलेलं असतं. मग मागचं एक चाक जॅकनं उचलायचं आणि एकानं बाहेर बसून ते हातानं फिरवायचं, म्हणजे आत शाफ्ट फिरतो. लहानपणापासून वडील खाली आणि हा चाकापाशी. वडील खालून बोलत नसत. तोंड उघडलं की ग्रीस पडतं म्हणून. ते पान्यानं शाफ्टवर ठोकायचे. एक टक म्हणजे फिरव. दोन टक म्हणजे थांब. आई स्वयंपाकघरात बसून त्या टकटकीवर ओळखायची, काम कुठवर आलंय आणि चहा कधी टाकायचा.

आणखी एक शब्द होता वडलांचा. काही कामचुकार मेकॅनिक निपलमध्ये ग्रीस भरतच नाहीत. नुसतं वरून बोटानं फासतात, म्हणजे गिऱ्हाइकाला वाटावं, वा, काय चकाचक काम झालंय! त्याला वडील म्हणायचे, पावडर. "आंघोळ नाही न् काही नाही, नुसती पावडर!" असं म्हणून ते थुंकायचे. त्यांच्या तोंडी याहून मोठी शिवी कुणी ऐकली नाही.

आता त्या दुपारचं सांगतो. उस्तादाची ताई, दाजी आणि छोटी भाची डोंगरापलीकडच्या गावी राहायला निघाले होते. दाजींची बदली झाली होती. तिकडे रस्ते चढउताराचे, बस धड नाही, म्हणून आईनं गाडी ताईला देऊन टाकली होती. सामान भरून झालं होतं. ऊन उतरलं की निघायचं. तेवढ्यात उस्तादाला हुक्की आली. म्हणाला, "थांबा, ग्रीस पाजून देतो. मग सहा महिने बघायला नको."

"उस्ताद आहे बाबा आमचा," दाजी कौतुकानं म्हणाले आणि बाह्या सरसावून चाकापाशी येऊन बसले.

"फिरवा दाजी," उस्ताद खालून ओरडला. दाजींनी चाक फिरवलं. "बास!" पुढच्या सांध्याचं निपल समोर आलं. गन बसली, दांडा दाबला, चारही तोंडं हसली. मागचं एक चाक नुसतं दाजींच्या हाताखाली डुलत होतं, आणि पलीकडे दाजींचे पाय दिसत होते. निळ्या पट्ट्यांच्या चपला, डाव्या अंगठ्याला पट्टी.

मग तो सरपटत मागच्या सांध्याकडे गेला आणि त्याचा चेहरा पडला. पडणारच होता. मागचं निपल चोंदलेलं होतं. आज नव्हे, वडील गेले तेव्हापासून. पहिल्यांदा त्यानं गन लावली तेव्हा ग्रीस आत न जाता बाजूनं फसकन बाहेर आलं होतं. खरं तर निपल काढायचं, तार घालून साफ करायचं, परत बसवायचं. तासाभराचं काम. त्या दिवशी त्याला कंटाळा आला. त्यानं बोटभर ग्रीस घेतलं, वरून फासलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "झालं." आई म्हणाली, अगदी ह्यांच्यासारखा आहे गं हातगुणाला. त्या एका वाक्यानं घात केला. त्यानंतर प्रत्येक वेळी तो खाली शिरायचा, मागच्या सांध्याला पावडर लावायचा आणि बाहेर येऊन वडलांसारखे हात पुसायचा.

मधे गाडीखालून चिक चिक आवाज यायला लागला. ताई म्हणाली, "खाली पाखरू बसलंय की काय रे?" हा म्हणाला, "नवं रबर टाकलंय, बोलतं ते सुरुवातीला." थाप मारताना त्याची जीभसुद्धा अडखळली नाही.

"अहो, चहा!" आतून ताईची हाक आली.

"येतो रे दोन मिनिटांत," दाजी म्हणाले. निळ्या पट्ट्यांच्या चपला फटफटत निघून गेल्या.

उस्ताद एकटा उरला. सांधा नाकासमोर होता. आता तरी निपल खोलावं, असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पान्याची पेटी हाताशी होती. पण दाजी परत येणार, विचारणार, हे काय काढलंस? चोंदलं होतं? मग इतके दिवस कसं पाजत होतास? आणि ही गाडी आता डोंगर चढणार होती, हेही त्याला ठाऊक होतं. मागचा सांधा तुटला तर शाफ्ट खाली आपटतो, चाकांचा जोर जातो आणि चढावर भरलेली गाडी मागे यायला लागते. वडलांनी हे त्याला एकदा नव्हे, शंभरदा सांगितलं होतं. त्यानं ते सगळं आठवलं, आणि तरीही बोटभर ग्रीस घेऊन निपलवर फासलं. निर्लज्जपणाची हद्द म्हणजे, या वेळी सांध्याच्या टोकांनाही थोडं थोडं लावायचं ठरवलं. दाजींनी वाकून बघितलंच, तर चारही तोंडं हसलेली दिसावीत!

दोन टोकांना लावून झालं. उरलेली दोन वर होती. सवयीनं त्यानं पाना उचलला आणि शाफ्टवर ठोकला.

टक.

शाफ्ट फिरला. हळू, अगदी हवा तेवढा.

दाजी आले वाटतं, तो मनात म्हणाला. त्यानं दोनदा ठोकलं. शाफ्ट जागच्या जागी थांबला. वा, दाजी तयार झाले की! राहिलेल्या दोन टोकांना त्यानं ग्रीस फासलं आणि एकदा सगळं नीट बघावं म्हणून पुन्हा एक टक दिली.

शाफ्ट पूर्ण एक वळसा घेऊन थांबला. थांबायची खूण त्यानं दिली नव्हती. समोर निपल होतं. कोरडं. गंजलेलं. त्याच्यावरचं ग्रीस पुसलेलं होतं, रुंद अंगठा एकदाच फिरवल्यासारखं.

शाफ्टला कुठे घासलं असेल, असं म्हणून त्यानं पुन्हा बोटभर ग्रीस लावलं. टक. वळसा. निपल परत समोर, परत कोरडं. चारही टोकंही कोरडी.

"दाजी... पुढे घ्या ना जरा," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच बारीक वाटला.

वरून कुणी बोललं नाही. आणि मग त्याच्या लक्षात आलं. टक-टकीची खूण त्यानं दाजींना कधी सांगितलीच नव्हती. दाजींना तो 'फिरवा' आणि 'बास' असं ओरडून सांगत होता. ती खूण जगात दोनच माणसांना माहीत होती. तिसरी आई, ती चहाच्या भांड्यापाशी होती.

त्याच वेळी स्वयंपाकघरातून दाजींचं हसणं ऐकू आलं. लांबून, कपबश्यांच्या आवाजात मिसळलेलं.

त्यानं मान वळवून चाकाकडे बघितलं. चाकापलीकडे उन्हाची पट्टी पडली होती. पट्टीत पाय नव्हते. कुणाचेच नव्हते. चाक मात्र नुकताच हात काढून घेतल्यासारखं हलकेच डुलत होतं. आणि वास आला. रॉकेल आणि कपड्याच्या साबणाचा. वडील हात धुऊन जेवायला बसत तेव्हा ताटाशी यायचा, तोच.

भीती वाटली का? वाटली ना. पाचावर धारण बसली. पण तो मला पुढे सांगत होता, की भीतीच्या आधी त्याला दुसरंच काही वाटलं. शाळेत कॉपी करताना मास्तर मागे येऊन उभे राहावेत, तसं. कान गरम झाले. इतका वेळ कुणीतरी शांतपणे चाक फिरवत होतं, पुन्हा पुन्हा तोच सांधा त्याच्या नाकासमोर आणून ठेवत होतं, आणि हा पुन्हा पुन्हा त्याला पावडर लावत होता. ओरडले असते तर बरं झालं असतं. वडील कधी ओरडायचे नाहीतच. नुसते पुसून टाकायचे आणि परत करायला लावायचे.

"बाबा..." त्याच्या तोंडून निघालं.

शाफ्ट अर्धा वळसा फिरला. चिक... चिक... आणि सांध्यातून काहीतरी बारीक, कोरडं त्याच्या कपाळावर, गालांवर, ओठांवर झरझर पडलं. तो तिथून कसा सरपटत बाहेर आला, त्याचं त्याला माहीत नाही. कोपरं सोलली होती.

स्वयंपाकघरात सगळे बसले होते. भाची बॅगेवर बसून पाय हलवत होती. दाजींनी विचारलं, "काय उस्ताद, झालं?"

आता बघा हं माणसाची जात. इतकं होऊनही तो म्हणाला, "झालं."

ताईनं वर बघितलं आणि खुदकन हसली. "अरे, तोंडाला काय ही पावडर फासून आलास?"

त्यानं गालाला हात लावला. बोटं लाल झाली. गंजाची भुकटी होती. कोरड्या सांध्यातलं लोखंड पिठासारखं दळलं जातं, त्याचा रंग असा असतो.

आणि तेव्हाच बाहेरून, गाडीकडून आवाज आला.

टक.

एकच. सगळ्यांनी ऐकला. दाजी म्हणाले, "जॅक सरकला की काय?" पण आई, गॅसकडे तोंड करून उभी होती ती, मागे न बघता, इतक्या वर्षांच्या सवयीनं पटकन म्हणाली, "जा रे, फिरव. बोलावतात बघ तुला."

मग तिचा हात दुधाच्या भांड्यावर तसाच राहिला. दूध उतू गेलं, तरी कुणी गॅस बंद केला नाही.

"मागच्या सांध्याला ग्रीस नाहीये," उस्ताद म्हणाला. "आज नाही, आणि कधीच नाही. बाबा गेल्यापासून एकदाही नाही. निपल चोंदलंय... मी नुसतं वरून फासत होतो. नेऊ नका गाडी. तुटेल ती."

ताईला समजायला थोडा वेळ लागला. "पण मी म्हटलं होतं ना तुला, आवाज येतोय... तू म्हणालास नवं रबर."

"हो."

"मागच्या महिन्यात मी हिला घेऊन एकटी गेले रे त्या डोंगरावरून."

"हो ताई."

"माहीत होतं तुला?"

त्यानं मान हलवली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. दाजी उठले, बाहेर गेले आणि गाडीतलं सामान एकेक करून उतरवायला लागले. त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर सोसल्या असत्या, पण ते बॅगा इतक्या हळू ठेवत होते, की त्याला उभं राहवेना. ताईनं ओला टॉवेल त्याच्या अंगावर फेकला. "तोंड पूस आधी," म्हणाली, आणि पोरीला पोटाशी धरून दुसऱ्या खोलीत गेली. उस्ताद म्हणून त्या दिवसानंतर दाजींनी त्याला हाक मारली नाही. आता ते त्याला नावानं बोलावतात.

दुसऱ्या दिवशी ती मंडळी भाड्याच्या गाडीनं गेली. गॅरेजचा माणूस बोलावला. खरा मेकॅनिक, कामाशी काम ठेवणारा. त्यानं शाफ्ट उतरवला, सांध्याची टोपी उघडून तळहातावर उपडी केली. आत बारीक लोखंडी सुया असायला हव्या होत्या. पडली ती लाल भुकटी. "पहिल्याच चढाला..." एवढं म्हणून त्यानं भाचीचा बाहेर राहिलेला लहानसा बूट बघितला आणि वाक्य पुरं केलं नाही.

मग निपल उजेडात धरून म्हणाला, "कोण म्हणालं चोंदलंय? आरपार उजेड दिसतोय. तार घालून साफ केलंय कुणीतरी, ताजंच. मग ग्रीस का नाही दिलंत?"

आई दारात उभी होती. उस्तादानं काय सांगावं? म्हणे मी नाही साफ केलं. मेकॅनिकनं त्याच्याकडे असं बघितलं, की त्यापेक्षा कानाखाली वाजवली असती तर बरं. आई आत गेली.

नवा सांधा बसला. गाडी आता ताईकडे न जाता घरीच आहे. ताईनंच सांगून टाकलं, नको मला.

त्यानंतरच्या एका सुट्टीच्या दिवशी, सकाळी, लख्ख उजेडात, त्यानं एकट्यानं गाडी उचलली. चाक स्वतःच फिरवायचं, मग खाली शिरायचं, परत बाहेर यायचं, परत फिरवायचं. घामानं निथळला, पण सोडलं नाही. दोन्ही सांध्यांना पोटभर पाजलं. चारही तोंडं हसली. त्यानं अंगठ्यानं पुसून पुन्हा दाबलं आणि पुन्हा बघितलं. खरंच हसली. किती तरी दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं. तो बाहेर आला, रॉकेलच्या बोळ्यानं हात पुसायला लागला.

टक.

गाडीखालून. शाफ्टवर पाना ठोकल्याचा आवाज. पाना तर त्याच्या खिशात होता.

इतके दिवस त्याची समजूत होती, की त्या दुपारी वडील वर होते, चाकापाशी. पण वडील वर कधी बसलेच नव्हते. त्यांची जागा खाली होती. वरची जागा याची.

तो वाकून बघू शकला असता. बघितलं नाही. चाकापाशी उकिडवा बसला, लहानपणी बसायचा तसा, आणि दोन्ही हातांनी चाक फिरवायला लागला. खाली शाफ्ट गुळगुळीत फिरत होता. चिक नाही, किरकिर नाही. आता दोन टक येतील, थांब म्हणतील, म्हणून तो कान देऊन फिरवत राहिला. एक वळसा झाला, दुसरा झाला. सावली पायरीवरून अंगणात आली. दंड भरून आले, तळहात रबरानं काळे झाले. दोन टक काही येईनात.

स्वयंपाकघरातून चहाचा वास आला. आईनं नेहमीच्या आवाजात हाक मारली, "काय रे, अजून झालं नाही का तुमचं?"

तो चाक फिरवत राहिला.